'द वॉकिंग डेड' : तेच कुंपण, तोच विध्वंस

ऑक्टोबर २००३ मध्ये अमेरिकेतील इमेज कॉमिक्सने 'द वॉकिंग डेड' ही कृष्णधवल चित्रमालिका सुरू केली. हक्क प्रकाशकाकडे नव्हते. त्यामुळे कथा कधी थांबवायची, हे लेखक रॉबर्ट कर्कमन यांच्याच हाती होते.

पुढे वाचक कुरकुरू लागले. चालत्या प्रेतांच्या जगात रिक ग्राइम्सचा जथा आसरा शोधतो, कुंपण घालतो, शेती करतो. मग कोणी क्रूर म्होरक्या येतो आणि सारे उद्ध्वस्त होते. तुरुंगात गव्हर्नर, अलेक्झांड्रियात नेगन. २०१२ च्या १०० व्या अंकात ग्लेन मारला गेला. पुन्हा तेच!

तक्रार रास्तच होती. किंबहुना कर्कमन यांनी आधी योजलेला शेवट याहून निष्ठुर होता : अलेक्झांड्रियात रिकचा पुतळा, तोही जीर्ण, आणि जवळून रखडत जाणारे प्रेत. तो त्यांनी रद्द केला, हे त्यांनीच अखेरच्या अंकातील पत्रात सांगितले.

तो १९३ वा अंक जुलै २०१९ मध्ये पूर्वसूचनेविना आला. वाचकांना चकवण्यासाठी पुढील अंकांची खोटी मुखपृष्ठेही जाहीर झाली होती. त्यात बरीच वर्षे लोटली आहेत. रिकचा मुलगा कार्ल प्रेते मारतो आणि त्याच्यावर खटला भरला जातो. कारण ती प्रेते ग्लेनच्या मुलाच्या फिरत्या खेळाची मालमत्ता असतात.