खामगावच्या वाटेवरची गाडी

जीप येण्याच्या कितीतरी आधी घाटावरच्या मेहकरच्या माणसाला गाडी लांबच्या वाटेसाठी कशी सजवायची, हे पक्कं ठाऊक होतं. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि खामगाव कापसाची मोठी पेठ बनलं. मेहकरला मात्र रेल्वे आलीच नाही. तिथला कापूस घाटाखालच्या खामगावला न्यायचा तर बैलगाडीच हवी.

तयारीचा जीव चाकात. बाभळीचं लाकूड उन्हात सुकून आकसतं, मग चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल होते. उपाय दोन: चाक पाण्यात भिजत ठेवून लाकूड फुगवायचं, किंवा लोहाराकडे धाव लाल तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना आकसलेली धाव पुट्टे (कडेचे लाकडी तुकडे), आरे आणि तुंबा (मधला ठोकळा) यांना घट्ट आवळते. हे काम करणारे सुतार-लोहार कुठल्याही अभियंत्याइतकेच मानाचे आहेत, असं ठामपणे म्हणायला हवं.

आखाला वंगण, वाटेसाठी गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा, जादा दोर, कडबा, कंदील. खडकाळ वाटेवर खूर झिजू नयेत म्हणून बैलांना पत्र्या ठोकलेल्या.

गाडी बदलली, तरी चाकाची काळजी राहिलीच. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग मेहकरजवळून खुला झाला. तिथे वेगाने तापलेले टायर फुटू लागले, तेव्हा परिवहन विभागाने निघण्याआधीच टायर तपासायला सुरुवात केली.