वाशिमचा प्राजक्त

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटकांची एक शाखा तिथून राज्य करू लागली आणि तिचा संस्थापक सर्वसेन. या घराण्याचा एक ताम्रपट १९३९ साली वाशिमात उजेडात आला. तो सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला आहे. नांदेडकडच्या भागातले एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचा तो लेख. घराण्याची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची सोयीस्कर वाटणी आहे. प्राकृत भागात सवलतींची लांबलचक यादी येते: सरकारी माणसांनी या गावातून चारा घ्यायचा नाही, चामडे आणि कोळसा मागायचा नाही, फुले-दूध उचलायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही. एवढी बारीकसारीक यादी तांब्यावर कोरून ठेवली आणि ती सोळाशे वर्षे टिकली. याच राजाच्या बापाने त्याच प्राकृतात एक महाकाव्य लिहिले होते. ते कोणी तांब्यावर कोरले नाही. ते आज पूर्ण मिळत नाही, पण ते पुसलेही गेले नाही. त्याला जिवंत ठेवले ते ऐकताना थबकलेल्या माणसांनी, आणि त्या थबकण्याचा इतिहास वाशिमच्या राजकीय इतिहासापेक्षा अधिक मोलाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

काव्याचे नाव 'हरिविजय'. श्रीकृष्ण सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणतो, ही त्याची कथा. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन 'ध्वन्यालोक' लिहीत होता. रसाला धक्का लागू नये म्हणून कवीने मूळ कथेत बदल कसे करावेत, हे सांगताना त्याला तीन दाखले सुचतात: कालिदासाच्या रचना, सर्वसेनाचे 'हरिविजय' आणि स्वतःचे 'अर्जुनचरित'. (स्वतःचे नाव इतक्या निर्धास्तपणे त्या पंक्तीत बसवणाऱ्या माणसाचे 'अर्जुनचरित'ही पुढे हरवले, हा काळाचा न्याय म्हणायचा की खोडी, कोण जाणे.) पुढे काश्मीरचाच कुंतक सुकुमार मार्गाच्या कवींमध्ये कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाचे नाव घेतो. अकराव्या शतकात धारचा भोज आपल्या 'सरस्वतीकंठाभरणा'त आणि 'शृंगारप्रकाशा'त 'हरिविजया'तल्या कितीतरी गाथा देतो. बाराव्या शतकात गुजरातेत पाटणला हेमचंद्र त्या काव्यात काय काय वर्णिले आहे ते सांगतो, आणि प्रत्येक सर्गाच्या शेवटी 'उत्साह' हा शब्द कवीने खुणेसारखा ठेवल्याचेही नोंदवतो. त्यानंतर पोथी गडप होते. विसाव्या शतकात वा. म. कुलकर्णी यांनी हे विखुरलेले श्लोक एकेका ग्रंथातून वेचून एकत्र मांडले. आज सर्वसेन आपल्या हाती आहे तो असा, दुसऱ्यांच्या ओंजळीतून आलेला. मराठी घरात पारिजातकाची गोष्ट सांगतात ती अशी, की झाड लागले सत्यभामेच्या अंगणात आणि फुले पडत राहिली रुक्मिणीच्या. सर्वसेनाने जे झाड लावले त्याचेही तेच झाले. झाड वत्सगुल्मात, सडा पडला काश्मीर, धार आणि पाटणच्या अंगणांत.

हे केवळ योगायोगाने घडले असते तर त्यावर लिहिण्यासारखे फारसे नव्हते. पण प्राकृत गाथेची घडणच मुळी अशी आहे की ती एकमेकांना सांगितली जावी. पहिल्या अर्ध्यात तीस मात्रा, दुसऱ्यात सत्तावीस; एका दमात म्हणून संपते. तेवढ्यात एक बाई, एक पावसाची संध्याकाळ, एक न बोललेली गोष्ट मावते. मागचेपुढचे काही ठाऊक नसले तरी चालते. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'गाथासप्तशती'च्या सुरुवातीलाच सांगितले आहे की एक कोटी गाथांतून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा अर्थातच कवीचा, मोजणाराचा नव्हे. पण निवड हाच या ग्रंथाचा जन्म आहे, हे त्यातून उघड होते. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबरने एकोणिसाव्या शतकात या संग्रहाच्या वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्या. सगळ्या मिळून ९६४ गाथा भरल्या आणि सर्व पाठांत समान निघाल्या त्या फक्त ४३०. म्हणजे प्रत्येक पिढीने, प्रत्येक प्रांताने आपल्याला थांबवणाऱ्या गाथा त्यात घातल्या आणि ज्यांनी थांबवले नाही त्या काढल्या. सातशेचा आकडा तेवढा सांभाळला, आतला माल बदलत राहिला. टीकाकार काही गाथांवर सर्वसेनाचे नाव घालतात. वत्सगुल्मचा राजा या फडात आला तो राजा म्हणून नव्हे. त्याची गाथा कुणाला तरी दुसऱ्याला ऐकवावीशी वाटली म्हणून आला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. आनंदवर्धन काय किंवा भोज काय, हे शिक्षक होते. त्यांना अलंकाराचे, रसाचे, नायिकेच्या प्रकाराचे उदाहरण हवे होते. जिथे बसेल तिथे श्लोक बसवला. त्यात थबकणे कसले? व्याकरणाच्या पुस्तकातल्या उदाहरणांवरून भाषेतले सुंदर वाक्य कोणते हे ठरवत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे, विशेषतः भोजाच्या बाबतीत. त्याच्या 'शृंगारप्रकाशा'त इतकी उदाहरणे आहेत की त्याच्यासमोरून गेलेली कोणतीच ओळ सुटली नसावी असे वाटते. पण आनंदवर्धनाचा मुद्दा एका ओळीचा नाही. तो अख्ख्या काव्याच्या रचनेबद्दल बोलतो आहे, आणि वाचकाला ते काव्य ठाऊक आहे असे धरून बोलतो आहे. या ठिकाणी उतारासुद्धा देत नाही, नुसते नाव घेतो. नाव घेतले की समोरच्याच्या मनात काव्य उभे राहते अशी खात्री असल्याशिवाय शिक्षक असे करत नाही. वऱ्हाडातल्या एका छोट्या राज्यकर्त्याचे प्राकृत काव्य पाचशे वर्षांनी काश्मीरच्या पंडितसभेत इतके घरचे झाले होते. सर्वसेनाची सत्ता तिथवर कधी पोचली नव्हती, त्यामुळे ते राजाच्या दबदब्याने गेलेले नाही. वत्सगुल्मचे घराणे पाचव्या शतकाच्या अखेरीस हरिषेणानंतर संपलेच होते. मेलेल्या राजाची खुशामत कोणी करत नाही.

राजशेखराचीही इथे साक्ष काढता येते. इसवी सन ९०० च्या आसपास त्याने 'काव्यमीमांसे'त एक रूपककथा रचली: काव्यपुरुष रुसून निघतो, साहित्यविद्या त्याच्यामागे देशोदेशी फिरते, आणि शेवटी दोघांचे गांधर्व लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. त्याच राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त रचनेच्या एका शैलीला 'वच्छोमी' म्हटले. म्हणजे वत्सगुल्मी, वाशिमची. तोवर वाकाटकांना जाऊन चार शतके होत आली होती. गावाचे नाव उरले ते एका गोडव्याचे नाव म्हणून. राजशेखर विदर्भाचा अभिमानी होता आणि थोडी आपल्या प्रदेशाची जाहिरात करत होता, हे मान्य. पण जाहिरात करायलाही लोकांच्या कानात आधी काहीतरी असावे लागते.

दुसरा आक्षेप वाशिम जिल्ह्यातूनच येतो आणि तो अधिक अवघड आहे. कारंजा लाडला दिगंबर जैनांची तीन मंदिरे आहेत: सेनगणाचे, बलात्कारगणाचे आणि काष्ठासंघाचे. त्यांच्या भांडारांत शेकडो पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. १९२६ मध्ये रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली तेव्हा कारंजाचे वैभव बाहेरच्या जगाला कळले. मग अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे प्रा. हिरालाल जैन आणि पुण्याचे प. ल. वैद्य यांनी कारंजाच्या ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्ये संपादून काढायला सुरुवात केली. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये आले, 'णायकुमारचरिउ' आणि मुनी रामसिंहाचे 'पाहुडदोहा' १९३३ मध्ये, 'करकंडचरिउ' १९३४ मध्ये. ही काव्ये इथे टिकली ती कपड्यात गुंडाळून, कपाटात, मुक्याने. म्हणजे माझा सिद्धांत खोटा ठरला, असे कुणी म्हणेल. सांगत राहिलेले 'हरिविजय' तुकड्यांत उरले आणि जपून ठेवलेले 'जसहरचरिउ' सबंध मिळाले. सर्वसेनाच्या भाऊबंदांच्या शाखेतला दुसरा प्रवरसेन, त्याचे 'सेतुबंध' सबंध मिळते तेही टीकाकारांनी आणि पोथी उतरणाऱ्यांनी शतकानुशतके राबून. अकबराच्या काळात रामदासाने त्यावर टीका लिहिली.

मला हे नाकारायचे नाही. कपाट नसते तर पुष्पदंताच्या काव्यांची ही प्रत आपल्यासाठी उरली नसती, आणि पोथी उतरवणाऱ्याचे कष्ट कौतुकाच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जड असतात. पण 'पाहुडदोहा'चेच उदाहरण जरा जवळून पाहावे. त्यातले काही दोहे हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात येतात, काही योगींदूच्या 'परमात्मप्रकाशा'शी जुळतात. कारंजाची पोथी उघडली जाण्याच्या शेकडो वर्षे आधी हे दोहे पोथीबाहेर हिंडत होते, कधी कवीचे नाव गळून, कधी एखादा शब्द बदलून. पोथीने सबंध रचना सांभाळली, कर्त्याचे नाव सांभाळले, क्रम सांभाळला. पण कुठला दोहा माणसांना लागला हे पोथीला ठाऊक नव्हते. तिच्या लेखी सगळे दोहे सारखेच. ती माहिती फक्त सांगणाऱ्यांनी मागे ठेवली आहे. 'हरिविजया'चे तुकडे म्हणजे केवळ हरवलेल्या काव्याचे अवशेष नव्हेत. ऐकणाऱ्यांच्या पसंतीची ती नोंद आहे, आणि अशी नोंद सबंध पोथीतून कधीच मिळत नाही.

तिसरी शंका अशी, की हे सगळे दरबारी आहे. गाथेत नांगर येतो, गोदाकाठ येतो, पण लिहिणारे हात राजांचे आणि पंडितांचे. जिल्ह्यातल्या बाकीच्या माणसांच्या गाण्यांचे काय? इथे गाथेपासून थेट जात्यावरच्या ओवीपर्यंत एक अखंड धागा काढण्याचा मोह होतो. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली 'गाथासप्तशती' मराठीत आणली तेव्हा तिच्यातल्या आणि मराठी जीवनातल्या सारखेपणाच्या जागा त्यांनी मोठ्या प्रेमाने दाखवल्या. त्या वाचनीय आहेत, पण सारखेपणा म्हणजे वारसा नव्हे. मी तेवढे म्हणत नाही. म्हणतो ते एवढेच, की टिकण्याची रीत दोन्हीकडे एक आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत इथल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. मातीची भुलाबाई-भुलोजी मांडायची, टिपऱ्या घ्यायच्या, आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. गाणी संपली की खिरापत काय ते ओळखायचे. गाणे इथे घरोघर फिरते, आणि ज्या घरातल्या पोरींना ते आवडले नाही तिथे पुढच्या वर्षी ते म्हटले जात नाही. वेबरने पाठभेदांत पाहिले ते इथे वर्षावर्षाला घडते, फक्त कोणी प्रती ताडत नाही.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, रामनवमीला देशभरातून तांडे येतात. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. होळीच्या लेंगीपासून लग्नातल्या ढावल्यापर्यंत सगळे तोंडी. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीने आईच्या, बहिणीच्या, भावजयीच्या गळ्यात पडून एकेकीसाठी रडत गायचे गाणे. मोठ्या बायकांकडून ते आधी शिकून घेतात, आणि तरीही ज्या दिवशी म्हणायचे त्या दिवशी प्रत्येकीसाठी ते वेगळे होते, कारण समोरची माणसे वेगळी असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. तिथे पेहराव, दागिने, कशिदा मांडता येतो, ध्वनिफीतही ठेवता येईल, आणि ठेवावीच. कारंजाच्या कपाटाने काय दिले ते वर आलेच आहे. पण ढावलो ऐकून कोणती बाई थांबली, कोणते कडवे तिने दुसऱ्या तांड्यावर नेले आणि कोणते इथेच सोडले, हे त्या फितीत येणार नाही. लग्न झालेली मुलगी निघते तेव्हा ते तिच्याबरोबर निघते, आणि पुढे कधीतरी नणंदेच्या किंवा लेकीच्या लग्नात, जसे आठवेल तसे, दुसऱ्या गावात म्हटले जाते.