नवीन महाबळेश्वर आराखडा : शेतजमिनीवर हरकत कशी घ्यायची

सातारा, पाटण व जावळी तालुक्यांतील २३५ गावांचं नियोजन सरकारने २०१९ मध्ये रस्ते विकास महामंडळाकडे दिलं. २०२४ मध्ये प्रारूप आराखडा आला. कोयना धरणानं खालची जमीन नेली. वर राहिलेल्या भात-नाचणीच्या तुकड्यांवर आता नकाशाचे रंग पडलेत.

आधी नकाशात आपला गट नंबर शोधा. अंतिम आराखड्यात शेत रहिवासी पट्ट्यात गेलं, की वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. म्हणजे शेजाऱ्यानं विकलं तर आपल्या बांधाला बंगले.

हरकत नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली, राजपत्रातल्या सूचनेपासून ३० दिवसांत, लेखीच द्यायची. ग्रामसभेचा ठराव जोडा, पण आपला अर्ज वेगळा द्या. नुसतं 'प्रकल्प नको' लिहून भागत नाही. झरा कुठं, गुरांची वाट कुठनं, पीक कोणतं, हे सातबाऱ्यासह लिहा. पोच घ्या. सुनावणी कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढं होते, तिथं स्वतः जा. मुदत हुकली असंल तरी, आराखड्यात मोठे बदल झाले तर कलम २९ खाली पुन्हा हरकती मागवतात. ती जाहिरात पेपरात बारीक अक्षरात येते.