नियत दिनांक

३० जून २०२४ च्या रात्री अकरा वाजता घडलेली चोरी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली येते. त्यानंतर दोन तासांनी घडलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते. अकराच्या चोरीची फिर्याद घेऊन कोणी दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात आला, तर ठाणे अंमलदाराला गुन्हा जुन्या कायद्याने नोंदवावा लागतो आणि तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेने करावा लागतो. गुन्हा ज्या घटकेला घडला त्या घटकेच्या कायद्यानेच शिक्षा व्हावी, अशी हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने प्रत्येकाला दिली आहे. कार्यपद्धतीला मात्र तशी हमी नाही.

कायदा मंजूर होणे आणि कायदा अंमलात येणे यांत अंतर असते. ते कधी काही तासांचे असते, कधी काही वर्षांचे, तर कधी कायमचे. हे पुस्तक त्या अंतराविषयी आहे. पोलिसांचे अधिकार आणि फरारी आरोपींचे प्रत्यर्पण हे दोन विषय मी त्यासाठी निवडले, कारण या दोन्हींत तारीख चुकली तर एका माणसाच्या स्वातंत्र्याचा हिशेब चुकतो.

आपल्या बहुतेक अधिनियमांचे पहिले कलम 'संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ' या मथळ्याचे असते. विद्यार्थी ते ओलांडून दुसऱ्या कलमातल्या व्याख्यांकडे वळतात. मीही अनेक वर्षे तसेच करत होतो. पण शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास हा अधिनियम अंमलात येईल, अशा अर्थाचे वाक्य तिथेच असते, आणि त्या वाक्याने संसदेने केलेल्या कायद्याची किल्ली सरकारच्या हाती जाते. तारीख दिलेलीच नसेल तर १८९७ चा सर्वसाधारण परिभाषा अधिनियम मदतीला येतो: राष्ट्रपतींची संमती ज्या दिवशी मिळाली त्या दिवशी केंद्रीय कायदा सुरू होतो, आणि तोही आदला दिवस संपताक्षणी. मध्यरात्रीचे महत्त्व आले आहे ते इथून.

किल्ली हाती असली म्हणजे एखादे दार बंदही ठेवता येते. न्याय संहितेच्या कलम १०६ चे दुसरे उपकलम अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली तेव्हा १ जुलै ही तारीख साऱ्या संहितेला मिळाली, त्या एका उपकलमाला मिळाली नाही. याहून जुने आणि माझ्या मते अधिक गंभीर उदाहरण १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला आवर घालणारे तिचे कलम ३ सरकारने अंमलातच आणले नाही. ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ते सुरू करण्याचा आदेश देण्यास नकार दिला. आणीबाणी भोगलेल्या संसदेने नागरिकाला दिलेले संरक्षण असे कागदावर राहावे, ही मला आपल्या घटनात्मक इतिहासातली मोठी उणीव वाटते.

प्रत्यर्पणात हा प्रश्न आणखी गुंततो, कारण तिथे कायदा दोन राज्यांच्या मधोमध उभा असतो. मराठी वाचकाला त्याची ओळख मार्सेयच्या धक्क्यावरून आहे. नाशिकच्या खटल्यासाठी सावरकरांना लंडनहून हिंदुस्थानात पाठवले गेले ते १८८१ च्या फरारी गुन्हेगारविषयक ब्रिटिश कायद्याखाली. हा कायदा साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात माणूस नेण्यासाठी होता. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीवरून उडी घेऊन ते फ्रेंच भूमीवर पोचले आणि साम्राज्याच्या अंतर्गत कारभाराचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याचा झाला. हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये अटकेत अनियमितता झाल्याचे मानले, तरी ब्रिटनवर त्यांना परत देण्याचे बंधन नाही असा निर्णय दिला.

तोच १८८१ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे पुस्तकात राहिला. सिंगापूरमधल्या गुन्ह्यांचा आरोप असलेले मेनन मद्रासला सापडले, तेव्हा त्यांना त्याच कायद्याखाली परत पाठवण्याची तयारी झाली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. ब्रिटिश वसाहतींच्या गटांवर उभी असलेली ती रचना सार्वभौम प्रजासत्ताकाला लावता येत नव्हती. कायदा रद्द झाला नव्हता, पण त्यातला प्राण गेला होता. त्याची जागा घेणारा प्रत्यर्पण अधिनियम १९६२ मध्ये संमत झाला आणि ५ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाला.

या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य वाचकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावे. तो एकदा सुरू होऊन थांबत नाही. कलम ३ खाली केंद्र सरकार तो एकेका परकीय राज्याला आदेशाने लागू करते, म्हणजे त्याचा प्रारंभ पुन्हा पुन्हा होत राहतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्ये सापडला तेव्हा त्या देशाशी आपला प्रत्यर्पण करार नव्हता. डिसेंबर २००२ मध्ये अधिसूचना काढून अधिनियम पोर्तुगालला लागू केला गेला. फाशी किंवा पंचवीस वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी सरकारने दिली. २००५ मध्ये तो भारतात आला, त्याला जन्मठेप झाली, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दिलेला शब्द पाळावा लागेल. स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांना हे पटणे अवघड आहे, हे मला कळते. तरीही तो निर्णय योग्य आहे असे मी मानतो. शब्द मोडणाऱ्या राज्याला पुढचा आरोपी कोण देईल?

इथून पोलिसी कायदा आणि प्रत्यर्पण हातात हात घालून चालू लागतात. विजय मल्ल्या आणि नीरव मोदी यांच्या प्रकरणांत लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगाच्या बारा नंबरच्या बराकीची स्थिती तपासली. उजेड किती, जागा किती, हेही पुरावे ठरले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५६ फरारी घोषित आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची मुभा देते. असा निकाल परकीय न्यायालयापुढे गेल्यावर आरोपीला बचावाची खरी संधी मिळाली होती का, हा प्रश्न निघणारच. आपल्या ठाण्यातली स्टेशन डायरी, पंचनामा आणि झडतीचे चित्रीकरण आता परदेशी न्यायाधीशाच्या टेबलावरही वाचले जाईल, याची जाणीव तपास करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून हवी.

या क्षेत्रात येण्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. राजपत्र वाचण्याचा धीर मात्र लागतो. पुढच्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी आपल्या हातातला कोणताही एक अधिनियम उघडा, त्याचे कलम १ काढा आणि त्यात तारीख शोधा. तिथे नसेल तर अधिसूचनेत शोधा, आणि त्या तारखेला कोणती कलमे मागे ठेवली गेली तेही पाहा.