हाँग सा-इक : एका नावाचा इतिहास

१९४० च्या फेब्रुवारीत कोरियातील जपानी शासनाने प्रजेकडून जपानी पद्धतीची कुलनामे नोंदवून घेण्यास प्रारंभ केला. कायद्याच्या भाषेत ही गोष्ट ऐच्छिक होती. व्यवहारात तशी ती राहिली नाही, आणि सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नवी नावे घेतली. ज्यांनी ती घेतली नाहीत त्यांत जपानी सेनेतील हाँग सा-इक हा एक उच्चाधिकारी होता. त्याच्या बाजूने बोलणारे आजही प्रथम हाच दाखला देतात. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

हाँग आन्सोंगचा. तो कोरियाच्या सेनाविद्यालयात शिकत असता १९०९ मध्ये ते बंद झाले आणि विद्यार्थी टोकिओस पाठविले गेले. पुढच्याच वर्षी कोरिया जपानच्या राज्यात विलीन झाला. ज्या सम्राटासाठी हे तरुण शस्त्रविद्या शिकत होते त्याचे सिंहासनच उरले नाही. १९१४ मध्ये ते पदवीधर झाले. त्यांपैकी जी कुळातील एकजण १९१९ मध्ये सेना सोडून मांचुरियात गेला आणि १९४० च्या सप्टेंबरात चुंगकिंग येथे स्थापन झालेल्या कोरियन मुक्तिसेनेचा सेनापती झाला. हाँगने १९२३ मध्ये जपानी सेनेच्या युद्धमहाविद्यालयातील अभ्यासक्रम पुरा केला, चीनमधील युद्धात भाग घेतला व तो लेफ्टनंट जनरलच्या पदास पोचला.

येथे एक विपरीत गोष्ट दिसते. बंड करणाऱ्याने शत्रूस चुकविण्यासाठी आडनावासकट नाव बदलले व ‘यी चोंग-चोन’ म्हणून ख्याती मिळविली. सेवा करणाऱ्याने मात्र पूर्वजांचे नाव राखले. परंतु राखले ते काय? ‘हाँग सा-इक’ ही तीन चिनी अक्षरे. जपानी उच्चारात तीच ‘को शियोकु’ अशी वाचली जातात. म्हणजे एकच लिखित नाव गावी एक आणि छावणीत दुसरे होऊ शके, व त्यासाठी एक रेघही बदलावी लागत नसे. नाव न बदलण्यास धैर्य लागले असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या धैर्याने त्याच्या आज्ञांचे स्वरूप पालटले नाही.

१९४४ च्या मार्चमध्ये फिलिपाइन्समधील युद्धबंद्यांच्या छावण्या त्याच्या अधिकाराखाली आल्या. तेथील उपासमार व छळ यांबद्दल युद्धानंतर मनिला येथील अमेरिकन लष्करी न्यायासनापुढे त्याच्यावर खटला चालला. अधीनस्थांच्या कृत्यांस अधिकारी कितपत उत्तरदायी, हा त्यातील खरा प्रश्न. यामाशिताच्या प्रकरणात त्याचा निकाल आधीच लागला होता. हाँगने स्वतःच्या बचावार्थ साक्ष दिली नाही. २६ सप्टेंबर १९४६ रोजी त्यास फाशी झाली. युद्धगुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्या १४८ कोरियनांपैकी २३ जणांस देहान्त शासन झाले. त्यांत बहुतेक साधे पहारेकरी होते, ज्यांना ना पद होते ना निवडीस फारसा वाव.

सेऊल येथे २००९ मध्ये जपानशी सहकार्य करणाऱ्यांचा चरित्रकोश प्रसिद्ध झाला. त्यातील ४,३८९ नावांत हाँगचेही नाव आहे, कोरियन उच्चारानुसार.