ओझरच्या टेलचं पाणी

माझी निम्मी नोकरी कालव्यावर गेली. ‘टेलला’, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, ‘पाणी येत नाही’ ही तक्रार जिथं जाईन तिथं ऐकली. त्यावर अर्ज निघत, मोर्चे निघत, त्रुटींच्या याद्या होत. ओझरच्या लोकांनी मात्र आपल्यापाशी काय आहे, तिथून सुरुवात केली, आणि म्हणून त्यांचं मला फार अप्रूप.

वाघाड धरण नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात, कोळवण नदीवर. ओझर त्याच्या कालव्याच्या पार शेवटाला. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९०-९१च्या सुमारास तिथं महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. गावाकडे विहिरी होत्या, नाले होते, हिशेब ठेवणारी माणसं होती. संस्थांनी हक्काचं पाणी घनमापानं मोजून घेतलं आणि वावराबरोबर नाल्यांवरच्या बंधाऱ्यांतही सोडलं. विहिरींना पाझर लागला. कालव्याच्या पाण्याची पाळी लांबली तरी द्राक्षबाग तगू लागली.

मोजणीचं काम पाहण्यासारखं असतं. चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचा फ्ल्यूम, त्यावर सेंटिमीटरची पट्टी. पाणी किती चढलं ते वाचायचं, कोष्टकात सेकंदाला किती लिटर ते बघायचं, तास लावून गुणाकार करायचा. हा आकडा शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहीत आला की बोलण्याचा सूरच पालटतो.

पाणी मिळून वाटून घेण्याचं शहाणपण जिल्ह्यात जुनंच आहे. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडायचे, एका फडात हंगामाला एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी. शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत असे; पाणी कमी असेल त्या वर्षी भिजायचे फडच कमी करायचे, म्हणजे टंचाई सगळ्यांच्या वाट्याला येई.

२००३ मध्ये वाघाडच्या संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला. २००५ मध्ये राज्यानं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. पण नुसत्या नोंदणीनं संस्था चालत नाही. गावात आधीपासून काय चांगलं चालतं, हे पहिल्या बैठकीत विचारलंच पाहिजे. आणि बागलाणातल्या जुन्या पाटकऱ्यांना संस्थांच्या प्रशिक्षणाला बोलवायचं, तर समोरच्या सतरंजीवर बसवू नये. फळ्यापाशी उभं करावं.