दमट देशांच्या प्रवासात कपडे कोणते न्यावेत?

मे महिन्याची सुट्टी आणि सिंगापूर, मलेशिया, थायलंडची सहल हे समीकरण आता आपल्याकडे चांगलेच रुळले आहे. बॅग भरताना मात्र बहुतेकांचा एक गैरसमज असतो. ‘आपण तर ४४ अंशांत राहणारे, तिथला ३२ अंशांचा उन्हाळा तो काय!’ असे म्हणत जीन्स आणि जाड टी-शर्ट बॅगेत कोंबले जातात. दुसऱ्याच दिवशी अंगाला चिकटलेले कपडे, मांड्यांना काचलेली कातडी आणि पाठभर घामोळे घेऊन मंडळी हॉटेलच्या खोलीत पंख्याखाली बसलेली दिसतात.

येथे फसवणूक थर्मामीटरची आहे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. ठिबकून गेलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. मे महिन्यात जळगावच्या दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली असते. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असलेल्या सिंगापुरात ती पहाटे ९० टक्क्यांच्या वर जाते आणि दुपारीही साधारण ६० टक्क्यांखाली फारशी उतरत नाही. विदर्भातल्या माठात पाणी जितके गार होते तितके मुंबईच्या माठात होत नाही, त्याचे कारणही हेच. साहजिकच, कोरड्या उन्हाळ्यात अंग झाकून गरम वारा अडवायचा असतो, तर दमट हवेत वारा अंगापर्यंत पोहोचू द्यायचा असतो.

‘सुती कपडे न्या’ हा सर्वांच्या तोंडी असलेला सल्ला त्यामुळे अर्धाच खरा आहे. सूत घाम शोषते हे खरे. पण शोषलेले पाणी ते सहजासहजी सोडत नाही. कापड सुती आहे की नाही, यापेक्षा ते किती पातळ आणि किती विरळ विणीचे आहे याला येथे अधिक महत्त्व आहे. मलमलीचे वजन चौरस मीटरला साधारण ६० ते ८० ग्रॅम भरते, शर्टाच्या पॉपलिनचे ११० ते १२०, टी-शर्टाच्या होजिअरीचे १५० ते १८० आणि जीन्सच्या डेनिमचे ४०० ग्रॅमच्या आसपास. यातील प्रत्येक कापड सुतीच आहे! पण पावसाची एक सर अंगावर घेतलेली जीन्स दमट हवेत दोन दिवसांतही वाळत नाही, आणि ओलसर जीन्स तशीच घालून फिरणे म्हणजे गजकर्णाला आमंत्रण. जाडजूड टर्किश टॉवेलपेक्षा कोकणातला साधा पंचा का बरा, हे ज्यांनी पावसाळ्यात अनुभवले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

दुकानात कापड पारखण्याची एक सोपी रीत आहे. कापड ओठांशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हाताला वारा लागला, तर ते कापड घ्यावे. लिननला या कसोटीत तोड नाही. ते लवकर वाळते, अंगाला चिकटत नाही. चुरगळते खूप, पण प्रवासात इस्त्रीचा आग्रह धरू नये. रेयॉन मऊ आणि झुळझुळीत असले तरी ते पाणी भरपूर पिते आणि ओले असताना त्याचा धागा कमजोर होतो. खेळाडूंचे पॉलिएस्टर झटपट वाळते, मात्र घामाचा वास धरून ठेवते. सूत आणि पॉलिएस्टरचे पातळ मिश्रण ही त्यातल्या त्यात तडजोड. चुण्याचुण्यांचे, पट्ट्यापट्ट्यांचे ‘सीअरसकर’ मिळाले तर अवश्य घ्यावे. त्याचे नाव मूळ फारसी ‘शीर-ओ-शक्कर’, म्हणजे दूध आणि साखर. ‘शीरखुर्मा’तला शीर तो हाच. या चुण्यांमुळे कापड अंगापासून किंचित दूर राहते आणि मधून हवा खेळते.

कपडे सैल असावेत, हे ओघाने आलेच. स्त्रियांनी घट्ट लेगिंग्जऐवजी सुती सलवार किंवा पलाझो न्यावी. रंगांच्या बाबतीत फिकट छापील कापड उत्तम. करड्या आणि आकाशी रंगावर घामाचे डाग उठून दिसतात, पांढरे पातळ कापड भिजल्यावर पारदर्शक होते, तर गडद रंग ऊन अधिक शोषतात आणि डासांनाही आकर्षित करतात. डेंग्यूचे डास दिवसा चावतात. त्यामुळे बागा, जंगले पाहायच्या दिवशी पातळ पण पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. उन्हापासूनही तोच वाचवतो.

पूर्ण कपड्यांचे दुसरे कारण देवळांचे आहे. बँकॉकच्या राजवाड्यात आणि तेथील पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात बिनबाह्यांचे, गुडघ्याच्या वरचे किंवा पारदर्शक कपडे चालत नाहीत. बालीतील मंदिरांत कमरेला सारोंग गुंडाळावे लागते. बॅगेत एक पातळ लुंगी किंवा मोठी ओढणी असली, की हा प्रश्न सुटतो. हीच ओढणी मॉलमध्ये, बसमध्ये आणि मेट्रोतही कामी येते. बाहेर घामाच्या धारा आणि आत कडाक्याचा एसी, हा तिथला रोजचा अनुभव. ज्येष्ठ नागरिकांनी घामाने भिजलेला शर्ट बदलून मगच लांबच्या बसप्रवासाला बसावे.

आठ दिवसांसाठी चार जोड पुरतात, मात्र अंतर्वस्त्रे आणि मोजे यांत काटकसर करू नये. रात्री धुतलेला कपडा पिळून झाला, की हॉटेलच्या कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा दाबून पिळावा आणि एसी चालू असलेल्या खोलीत वाळत घालावा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, त्यामुळे तो बाल्कनीपेक्षा तिथे लवकर वाळतो. न्हाणीघरात मात्र टांगू नये. परतीच्या दिवशी ओलसर राहिलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधण्याचा मोह टाळून कापडी पिशवीत ठेवावेत आणि घरी पोहोचताच, इतर सामान उघडण्याआधी, दोरीवर टाकावेत. त्यांवर बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले, की ते धुण्याने सहसा जात नाहीत.